दिवस बुडायच्या आत

वयाच्या सोळाव्या वर्षी मी सूर्याची वाट पाहत उपाशी राहिले. नवस नव्हता, व्रत नव्हतं, घरात अन्नाची टंचाई तर मुळीच नव्हती. समोर वाफाळती वाटी असायची, प्रेमानं वाढणारी बाई असायची, आणि भूक अशी की टेबलाचा पाय कुरतडावा. तरी मी आपली "नको" म्हणायची आणि हात मांडीवर घेऊन बसायची. कारण काय, तर सूर्य मावळला होता. आणि ज्या गावात मी हा पराक्रम करत होते, तिथं सूर्य नोव्हेंबरात डोंगराआड जातो तो थेट जानेवारीच्या शेवटी वर येतो. यावर कुणी हसलं तर माझी हरकत नाही. मीही हसते. त्या पोरीला मात्र तेव्हा कुणी हसलं नाही, हीच तिची अडचण होती.

पौष लागला की हे सगळं परत येतं. पौषातला दिवस म्हणजे धुऊन आटलेलं लुगडं, डोक्यावर ओढावं तर पाय उघडे. शेतात तुरी वाळलेल्या असतात, शेंगांचा खुळखुळ वाऱ्यावर ऐकू येतो. आत्ता ऊन अंगणात होतं म्हणेपर्यंत ते भिंतीवर चढतं आणि तिथून शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर. मग सून दारात येते, "आई, जेवून घ्या, दिवस चालला." मी उठते. आठ माणसांच्या टेबलावर एकटी बसते. बाकीचे रात्री नऊला टीव्हीसमोर जेवतात, मोठ्यानं हसतात, लोणच्याची बरणी मागतात. मला ते खोलीतून ऐकू येतं. परवा नातीनं विचारलं, "आजी, तू आपल्या घरी पेइंग गेस्ट आहेस का? कधीच आमच्यासोबत जेवत नाहीस." मी म्हटलं, "आहे ना, म्हणून तर भाडं देत नाही." ती हसली.

आम्ही कारंज्याचे जैन. सूर्य मावळल्यावर तोंडात अन्न घालायचं नाही, हे मला चालायला येण्याआधीपासून माहीत होतं. का, ते विचारलं नव्हतं. दात का घासायचे ते तरी कुठं विचारलं होतं? आणि आमच्या भागात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नसे. सगळ्या जातीच्या, सगळ्या धर्माच्या माणसांना ती ठाऊक. लग्नाच्या पंगती त्या हिशेबानं उठायच्या. वाशिमहून एस.टी.नं येताना शेलूबाजारला ऊन कललेलं असलं, की कंडक्टर स्वतःच आवाज द्यायचा, "ज्याईले दिवस बुडाच्या आत जेवाचं हाय त्याईनं डबे सोडा, बाप्पा. गाडी थांबते." आणि गाडी खरंच थांबायची. अर्धी बस डबे सोडायची, उरलेली अर्धी खिडकीतून सूर्यावर लक्ष ठेवायची. कुणीतरी परका शेतकरी म्हणायचा, "खा सावकाश, काकू, अजून बोटभर हाय." परक्या माणसानं आपल्यासाठी सूर्य मोजावा, याचं मला कधी नवल वाटलं नाही. मला वाटायचं, जग असंच असतं.

हेच डोकं घेऊन मी नॉर्वेला गेले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता, वाशिम वेगळं झालं ते पुढं खूप वर्षांनी. अकोल्यातल्या एका क्लबाची योजना होती, इथली शाळकरी पोरं वर्षभर परदेशी पाठवायची, तिथल्या घरी राहायचं, तिथल्या शाळेत शिकायचं. वडिलांचं कापडाचं दुकान, अकोल्याला येणं-जाणं, तिथं कुणीतरी ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. मुलाखतीत मी इंग्रजीतला देशप्रेमाचा निबंध श्वास न घेता म्हणून दाखवला. मधे त्यांनी दोनदा "पुरे" म्हटलं, पण पाठ केलेला निबंध मधेच थांबवता येत नाही. मला वाटतं, पुन्हा ऐकावा लागू नये म्हणून त्यांनी मला निवडलं.

आमच्या घरात खरं राज्य जिजीचं. जिजी म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि स्वयंपाकघराची मालकीण झाली. वडील दुकानात कितीही मोठे शेठ असोत, तिच्यापुढं पाटावर मान खाली घालून जेवायचे. मी परदेशी जाणार म्हटल्यावर गल्लीतल्या बायका रडल्या, आई रडली, जिजी रडली नाही. ती म्हणाली, "बटाटा खाय, कांदा चिरल्या हातचं खाय, मी काही म्हनत नाही. पोटाले मारू नको. पन दिवस बुडाल्यावर खाऊ नको, पोट्टे. तेवढं एक सांभाळ." मग वडिलांकडे वळून, "कारे, तिकडे दिवस बुडते नं येळेवर?" वडिलांनी ॲटलास पाहिला होता, पण त्यात सूर्य दाखवलेला नव्हता. ते म्हणाले, "सूर्य सगळीकडे एकच आहे, जिजी."

पोचले ते उन्हाळ्याच्या शेवटी. दोन डोंगरांच्या मधे चिमटीत धरल्यासारखं गाव, तळाशी काळंशार पाणी, लाकडी रंगीत घरं. त्या दिवसांत सूर्य जाता जात नव्हता. रात्रीचे साडेआठ वाजले तरी खिडकीत ऊन. तिथली माणसं जेवायचीच संध्याकाळी पाचला. मी घरी पत्र लिहिलं, "येथील लोक नकळत जैनच आहेत." वडिलांनी म्हणे ते पत्र दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवलं.

ज्या घरी मी राहिले ते मारित आणि ओलाव यांचं. मारित पोस्टात कामाला, हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. ओलाव पाण्यावर वीज करायच्या कारखान्यात, तो तिच्याहून कमी बोलायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा अशाच एका योजनेतून वर्षभरासाठी अमेरिकेला गेला होता. त्याची खोली मला मिळाली. पलंग इतका लांब की माझे पाय अर्ध्यातच संपायचे. दाराशी त्याचे बूट होते, दोन होड्या बांधून ठेवल्यासारखे. भिंतीवर त्याच्या टोपीचा खिळा होता, त्यावर मी माझी वेणीची रिबन अडकवली आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकली. परक्याच्या खिळ्यावर आपलं काही ठेवू नये असं वाटलं.

मी आयुष्यात कधी एकटी झोपले नव्हते. कारंज्यात एका ओळीत अंथरुणं पडायची, जिजी घोरायची, धाकटा भाऊ लाथ मारायचा, भिंतीपलीकडं शेजारचे काका खोकायचे. इथं दार लावलं की संपलं. कानात नुसता आपलाच कान वाजायचा. दिवसभर शाळेत पोरं हसून बोलायची, हात करायची आणि आपापल्या घोळक्यात जायची. वाईट कुणीच नव्हतं. वाईट असतं तर निदान भांडता आलं असतं. घरचं पत्र यायचं ते इतकं शिळं की आईला ताप आल्याचं वाचावं तर त्यावर उतरल्याचं पत्र दुसऱ्या पाकिटात सोबतच. मी ते दोन्ही क्रमानं वाचायची, आधी काळजी करायची, मग सुटकेचा श्वास टाकायची. तेवढंच घरी राहून आल्यासारखं वाटे.

ऑक्टोबरात सूर्य घसरू लागला. आधी मला कळलंच नाही. मग एक दिवस भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर पाहिलं तर दुपारचे पावणेदोन आणि सूर्य डोंगराच्या खांद्याला टेकलेला. घरी जेवण पाचला. मधल्या सुट्टीत खाल्लेले पाव केव्हाच जिरले होते, उरलेला एक दप्तरात होता. मी शांतपणे तो काढला आणि भर वर्गात खाऊ लागले. कारंज्यातल्या मास्तरांनी काय केलं असतं ते सांगायला नको. हे सर उंच, सोनेरी दाढीचे. खडू हवेत धरून थांबले.

"भूक लागली का?"

"नाही, सर. सूर्य," मी बोट दाखवून म्हणाले.

त्यांनी वाकून खिडकीतून पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिले. "हो," ते म्हणाले, "फार सुंदर आहे," आणि पुन्हा त्रिकोणाकडे वळले. सगळा वर्ग एकदा बाहेर पाहून पुन्हा वहीत शिरला. मी घास गिळला. शेलूबाजारचा कंडक्टर मला तेव्हा फार आठवला.

तिथून माझं पांडित्य सुरू झालं. डोंगराआड गेला म्हणजे मावळला का? की डोंगरामागच्या गावी तो अजून आहे, म्हणून चालेल? मग वाटलं, कारंज्याचाच सूर्य धरावा, तो तरी ओळखीचा. बोटावर हिशेब केला. कारंजं साडेचार तास पुढं. म्हणजे इथं दुपारी सव्वा वाजला की तिकडं दिवस बुडाला. हा सूर्य तर आणखीच कंजूष निघाला. मी तो हिशेब तिथंच सोडला.

आणि नोव्हेंबरात एका सकाळी मारित मफलर गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाली, "आता जानेवारीपर्यंत सूर्य नाही." दूधवाला उद्या येणार नाही म्हणावं, इतक्या सहज.

आता जरा डोकं असलेल्या पोरीनं काय केलं असतं? श्रावणात आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा काय आम्ही उपाशी राहतो? पण सोळाव्या वर्षी मला अक्कल नव्हती आणि धर्म भारी होता. मी ठरवलं, सकाळी शाळेत निघताना अंधार, म्हणून न्याहारी नको. मधल्या सुट्टीत आभाळ राखाडी उजळतं, तेवढं चालेल. तेव्हा मारितनं कागदात बांधून दिलेले पाव खायचे. संध्याकाळी पाचला मिट्ट काळोख, तेव्हा जेवण नको. खरं सांगू? धर्मापेक्षा मला जिजीची भीती होती. भीतीपेक्षाही दुसरंच काही होतं. त्या घरात, त्या गावात, त्या बर्फात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. भाषा माझी नव्हती, पलंग माझा नव्हता. ती एवढी एक गोष्ट तेवढी माझी होती. ती सोडली तर मी कुणाची, असं वाटायचं.

पाचला टेबल मांडलं जायचं. मी बसायची, कारण जेवताना उठून जाणं बरं दिसत नाही. मारित माझ्यासाठी वेगळं करायची. वाटाण्याचं दाट सार, लोणी घातलेला बटाटा, कोबी. "घेतेस?" ती विचारायची. मी म्हणायची, "नको, भूक नाही." ती पुन्हा विचारायची नाही. आमच्याकडे पाहुण्याच्या पहिल्या "नको"ला कुणी मोजत नाही, तिसऱ्या "नको"पर्यंत वाढून मोकळे होतात. तिथं "नको" म्हणजे नको. ती वाटी उचलून परत ठेवायची. मी वाटीकडे पाहत राहायची, ती माझ्याकडे, ओलाव खिडकीकडे, आणि खिडकीत तर काहीच नसायचं, काळ्या काचेत आम्हीच तिघं.

त्यात मेणबत्त्या. तिकडची माणसं हिवाळ्यात जेवताना मेणबत्ती लावतात, माया दाखवायची ती त्यांची रीत. मी जेवेना तशा मारितनं मेणबत्त्या वाढवल्या. एकीच्या तीन झाल्या, खिडकीत एक आली, माझ्या ताटाशी एक खास लाल रंगाची आली. पोरीला जरा ऊब वाटावी, घरच्यासारखं वाटावं. आणि मी मनात म्हणायची, माय, आता तर पुरती रात्र झाली. ती जितकं उजळवायची तितका माझा उपास पक्का व्हायचा.

आणखी एक गंमत. टेबलावरून मासा नाहीसा झाला. ओलावला मासा लागायचा, आधी रोज असायचा, टेबलाच्या त्या टोकाला. आता तोही बटाटा आणि कोबी खायचा, न बोलता. मी माझ्या मनाशी निदान केलं, थंडीत पाणी गोठतं, मासे सापडत नसतील. भूगोलात मला चांगले गुण होते.

डिसेंबरात क्लबाचा तिथला माणूस घरी आला. व्यवसायानं दातांचा डॉक्टर, इंग्रजी स्वच्छ बोलायचा. मी बैठकीत त्याच्यासमोर बसले. मारित आमच्यात आली नाही, स्वयंपाकघरातच राहिली. नळाचं पाणी वाजत होतं. तो म्हणाला, "नाताळानंतर तुला दुसऱ्या घरी ठेवायचं ठरतंय. शहरात एक भारतीय कुटुंब आहे. तुला बरं वाटेल."

"मी काय केलं?" मी विचारलं.

"तू काही नाही. मारितनंच सांगितलं. तिला वाटतं, तिचं टेबल तुला चालत नाही." तो पुढं म्हणाला, "तिनं बांधून दिलेले पाव तू शाळेत खातेस. तिच्यासमोर बसून खात नाहीस. तुला वास नको म्हणून त्यांनी घरात मासा आणणं सोडलं. तुझ्यासाठी नवी भांडी आणली, त्यात मांस कधी शिजलेलं नाही. तरी तू खात नाहीस. ती म्हणते, मुलीला आमची किळस येत असेल तर तिला कशाला छळायचं."

भारतीय घर. वरण-भात, पोळी, हिंदी बोलणारी माणसं. मी उडी मारायला हवी होती. पण माझं लक्ष नळाकडे होतं. पाणी वाहतच होतं. इतका वेळ धुण्याइतकी भांडीच त्या घरात नव्हती. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जिजी पाटा-वरवंटा घेऊन बसायची, मिरची नसली तरी वाटायची. मला एकदम कळलं की तो नळ काय वाटतोय.

मग इतर गोष्टी दिसू लागल्या, ज्या रोज समोर असून दिसल्या नव्हत्या. रोज रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी असायची, ती काय आपोआप यायची? मारित झोपण्यापूर्वी माझ्या दाराशी क्षणभर उभी राहायची. मला वाटायचं पहारा करते. ते दार तिच्या मुलाचं होतं. ती त्याला "झोप" म्हणायला यायची आणि आत मी असायची. वर्षभरासाठी एक पोर तिनं जगाला दिलं होतं, आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते तिच्या हातचा घास घेत नव्हतं.

त्या घरातून जायचं नाही, एवढं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. कसं राहायचं ते मात्र समजेना. डॉक्टर कोट घालून गेला. पाच वाजले. टेबल मांडलं गेलं. त्या दिवशी मारितनं मला विचारलंसुद्धा नाही. माझ्यापुढं रिकामं ताट ठेवलं, मेणबत्ती लावली आणि बसली. तिचे डोळे लाल होते. ओलाव बटाटा सोलत होता.

मी हात पुढे करून साराचं भांडं ओढून घेतलं. आपल्या हातानं वाढून घेतलं. आमच्या घरी यासाठी फटका बसला असता.

मारित हळूच म्हणाली, "खाल्लंच पाहिजे असं नाही."

मी खाल्लं. काळोख खिडकीला नाक लावून बघत होता, मेणबत्त्या जळत होत्या, आणि मी वाटाण्याचं सार खात होते. पहिला घास गिळताना जिजी डोळ्यांपुढं आली. दुसरा गिळताना आली नाही, भूकच तशी होती. वाटी संपली तेव्हा म्हणाले, "आणखी." हा शब्द मी त्यांच्या भाषेत पहिल्यांदा बोलले. ओलावनं सोललेला बटाटा आपल्या ताटातून उचलून माझ्या ताटात ठेवला.

मग मी सांगितलं. इंग्रजीत, नॉर्वेच्या तोडक्या शब्दांत, हातवारे करून. सूर्य आहे, जेवण आहे. सूर्य नाही, जेवण नाही. घरी, आत्या, वचन. मारित ऐकत राहिली. सगळं कळल्यावर तिनं विचारलं, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

सांगावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं.

मारितनं एक तोडगा काढला. पोस्टातून दुपारी तासभर सुट्टी घेते, शाळा जवळच आहे, तू उजेडात घरी येऊन जेव. खरंच केलं असतं तिनं. मी रात्रभर विचार केला. वचन पाळता आलं असतं, कुणी दुखावलं नसतं. मी दुपारी उजेडात एकटी जेवले असते, आणि पाचला ते दोघं एकटे. सकाळी मी तिला नको म्हटलं. "पाचलाच जेवते," म्हटलं, "तुमच्यासोबत."

म्हणजे नाइलाज होता असंही मला म्हणता येत नाही. वाट होती, मीच घेतली नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओलावनं टेबलाच्या दूरच्या टोकाला मासा आणून ठेवला आणि भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो जे जेवला, बाप्पा, माहेरी आलेली लेकही तसं जेवत नाही.

एकटेपणा काही त्यानं संपला नाही. कुणी सांगत असेल की असा एक दिवस येतो आणि सगळं सुरळीत होतं, तर त्यानं परदेशात हिवाळा काढला नाही असं समजावं. नाताळात सगळं गाव आपापल्या घरात शिरलं आणि मी त्या मुलाचा अमेरिकेहून आलेला फोन वाजताना वर जिन्यात बसून राहिले, कारण ती वेळ त्यांची होती. रात्री पलंगावर पडलं की पाय अजूनही अर्ध्यातच संपायचे. आता फक्त पोट भरलेलं असायचं, आणि भरल्या पोटाचा एकटेपणा जरा लवकर झोपतो. जानेवारीच्या शेवटी सूर्य आला तेव्हा सगळी शाळा मैदानात उभी होती. डोंगराच्या कडेवर एक ठिणगी आली, काही मिनिटं थांबली आणि गेली. पोरं ओरडली. घरी मारितनं गोड पाव भाजले होते, तिकडं सूर्य परतला की भाजतात. तिनं पहिला पाव मला दिला आणि म्हणाली, "घे, आज तुझ्या आत्याचीही परवानगी आहे." मी हसले. पण जिजीला मी काहीच कळवलं नव्हतं. पत्रांत शाळा लिहिली, बर्फ लिहिला, मेणबत्त्याही लिहिल्या. जेवणाची वेळ लिहिली नाही. आणि जिजी दर पत्राच्या शेवटी वडिलांकडून एकच ओळ लिहून घ्यायची, "जेवण वेळेवर करत जा."

आषाढात परत आले. स्टेशनवरून घरापर्यंत सगळ्यांनी प्रश्न विचारले, विमानात शौचालय असतं का इथपासून. जिजीनं काहीच विचारलं नाही. दोन दिवस मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. पानावर बसले की मान खाली घालून जेवायची. ती मला पाहायची आणि ताक वाढायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. पावसाळी हवेनं धान्यात टोके, बारीक काळे किडे, झाले होते. ती एकेक टोका बोटाच्या टोकावर घ्यायची आणि वाटीत सोडायची, वाटीत मूठभर तांदूळ त्यांच्यापुरते. नंतर ती वाटी कोपऱ्यात भिंतीशी नेऊन ठेवायची. मारलेला टोका मी त्या घरात कधी पाहिला नाही. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. सूर्य गेला तो, उपास, नळ, वाटाण्याचं सार, आणि वाट असूनही मी ती घेतली नाही, तेही. शेवटी म्हटलं, "जिजी, काय प्रायश्चित्त घेऊ ते सांग. कितीही उपास करीन."

तिचा हात थांबला नाही. "तिकडे थंडी लय राहते म्हनते."

"लय."

"मंग राती दिव्यावर किडे येते का?"

"हिवाळ्यात नाही येत, जिजी."

"चिलट, पतंग, मुंगी?"

"एकबी नाही. बर्फात काहीच जगत नाही."

"आपन राती काहून जेवत नाही, माहीत हाय का तुले?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे पाठशाळेत ऐकलं होतं, पण निबंधासारखं. मी अडखळत म्हणाले, "दिव्याच्या उजेडाले किडे येतात. अन्नात पडतात. जीव मरतात म्हून."

"कोनाचा जीव दुखू नये म्हून," ती म्हणाली. एक टोका तिच्या नखावरून चढून मनगटाकडे निघाला होता. तिनं तो वाटीत उतरू दिला आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"जेवली त्याचं प्रायश्चित्त नाही लागत. नाही जेवली त्याचं लागते. दुखवासारखा जीव त्या घरात एकच होता, पोट्टे, त्या बाईचा. आन् तू इतके दिवस नेमका तोच दुखवत बसली."